बिमलाचं खातं उघडलं नाही

महिनाअखेर जवळ आली म्हणून मागच्या सोमवारी सुनेला घेऊन बुलढाण्याला बँकेत गेले. खातं उघडायचं, एवढंच काम... जेवणाआधी घरी येऊ म्हणून भाजी चिरून ठेवली होती.

माझी सून बिमला नेपाळची. मुलगा गोव्याला हॉटेलात नोकरीला होता, तीही तिथेच स्वयंपाकघरात. पगार दोघांनाही रोख मिळायचा. लग्न तिच्या गावी झालं. मुलगा अपघातात गेला, आता तीन वर्षं होतील. तेव्हापासून देऊळघाटच्या घरात आम्ही दोघीच.

तिला बुलढाण्यात मुलींच्या वसतिगृहात मेसचं काम मिळालं होतं. मात्र पगार खात्यातच जमा होणार, रोख नाही. महिना संपायच्या आत खात्याचा नंबर द्या, नाहीतर दुसरी बाई बघू, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

बँकेत म्हणाले, आधार आणा. आधार केंद्र रस्त्यापलीकडेच. तिथे म्हणाले, इथल्या पत्त्याचा पुरावा आणा, बँकेचं पासबुक चालेल... पुन्हा रस्ता ओलांडून बँकेत.

लाईट बिल माझ्या नावावर आहे. ती माझ्या घरी राहते हे लेखी द्यायला मी तयार होते. ते चालत नाही. लग्नाचा दाखला चालत नाही, तो परदेशी. मी म्हटलं, अहो, नेपाळी देवनागरीतच लिहितात, वाचून दाखवते. पण साहेब दूर दक्षिणेकडून बदली होऊन आलेले. हिंदी बोलता येतं, देवनागरी वाचता येत नाही.

बिमला त्यांना समजावत होती, आमच्या गल्लीत शिकलेल्या बोलीत. मागे आमच्याच गावचे कांद्याचे व्यापारी रफिकचाचा उभे होते. त्यांना राहवलं नाही.

"काऊन हो साहेब, पोरगी आमच्यासारखी बोलून राह्यली अन् तुम्ही तिले बाहेरची म्हंता? बाहेरचे तं तुम्ही दिसता!"

सगळी रांग हसली. साहेबही हसले. चाचा पुढे आले, "लिहा माहं नाव. हिची ओळख मी देतो. अख्खं देऊळघाट आणू का?"

"चाचा, पहचान से अब नहीं होता. सिस्टम नहीं लेगा."

माणूस वाईट नव्हता. खुर्ची दिली, चहा मागवला. शेवटी त्यानेच तोडगा काढला... "मॅडम, आपकी पेन्शन तो यहीं आती है. बहू की सॅलरी भी उसी में ले लीजिए. घर की ही तो बात है."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. चाचाही म्हणाले, "हाव, हे बरं झालं." वसतिगृहाला फोन करून विचारावं म्हणून मी पर्समधून मोबाईल काढला.

बिमलाने माझा हात धरला. "नाही आई."

"का गं? महिन्याच्या महिन्याला काढून देईन की तुला."

"मंग मी कामाले कायले जाऊ? माह्या घामाचे पैसे मले तुमच्यापाशी मांगा लागतीन." मग आवाज खाली आणून, "तुम्ही वाईट नाही आई. मांगनं वाईट हाय."

मी मोबाईल परत ठेवला. नोकरी लागली तेव्हा माझा पहिला पगार मी सासऱ्यांच्या हातात दिला नव्हता. घरात महिनाभर अबोला होता त्यावरून... मी तिला काय समजावणार?

वसतिगृहात मी एकटी जाऊन आले. मुदत मागितली. मी कधी कोणाकडे काही मागत नाही, त्या दिवशी मागितलं. तिथल्या मुख्य बाई म्हणाल्या, "मॅडम, माझ्या हातात असतं तर..." कोणाच्याच हातात नव्हतं. शुक्रवारी ते काम दुसऱ्या बाईला मिळालं.

बिमला रडली नाही. संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आई, मी माहेरी जाऊ का?" किती दिवसांसाठी, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं.

काल मलकापूर स्टेशनला जाऊन तिचं भुसावळ ते गोरखपूर तिकीट काढलं. पुढे सीमेपर्यंत बस आहे. सवयीने कागदांची सगळी फाईल बरोबर नेली होती. खिडकीपाशी पोचताच मी तिचा दाखला, माझं आधार, लाईट बिल बाहेर काढायला लागले.

"राहू द्या मावशी, काही लागत नाही," खिडकीतली मुलगी म्हणाली. "नाव अन् वय सांगा फक्त."

सांगितलं. तिकीट तयार झालं. इतकं सोपं...

"परतीचंबी काढू का?"

मी आयुष्यभर वर्गात प्रश्न विचारले आणि पोरांकडून ताडकन उत्तरं घेतली. काल मी मात्र फाईलमधले कागद खालीवर करत राहिले. मागचा माणूस वैतागला, "बोला ना हो बाई, आमची गाडी सुटून राह्यली!"

नको म्हणायला जीभ वळली नाही. काढा म्हणायचा मला हक्क नाही. मी पैसे दिले आणि बाजूला झाले.

बाकावर बसून तिकीट फाईलमध्ये ठेवलं, सगळ्यांत वर. तिच्या नावाचा, कोणीही नाकारणार नाही असा, त्या फाईलमधला हा पहिला कागद.