सुलोचनाबाईंची करंगळी

बॉलपेनचं टोक मी तिच्या करंगळीवर हलकं टेकवलं.

"डोळे मिटूनच ठेवा. कुठं लागलं ते दुसऱ्या हातानं दाखवा."

ती वाट बघत बसून राहिली. मग म्हणाली, "लावा की आता."

माझं तीनदा लावून झालं होतं. त्याच बोटावर पिकलेला फोड होता. तव्याचा चटका. कधी बसला ते तिला माहीतच नव्हतं.

मी सरकारी दवाखान्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ आहे. लोक म्हणतात, महारोगाच्या मॅडम. चट्टे तपासायचे, गोळ्या सुरू करायच्या, पेशंट त्या पूर्ण घेतो का ते बघायचं, हे माझं काम. या बाईला आपण सुलोचनाबाई म्हणू या. खरं नाव सांगायचं नाही. ती गोळ्या न्यायला यायची बंद झाली, फोनही लागेना, म्हणून मी इस्लापूरच्या बाजूला तिच्या वाडीवर गेले होते.

तिला मी आधीपासून ओळखत होते. आम्ही दोघी एकाच चर्चच्या, पण ड्युटीमुळं मला दर रविवारी जमत नाही. हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पीक आल्यावर देवाचे आभार मानायच्या दिवशी, आमच्याकडे प्रीतिभोजन असतं, सगळी मंडळी एकत्र जेवते. त्या भाकरी दरवर्षी सुलोचनाबाईच करायच्या. या वर्षी त्या दिसल्या नाहीत. मी कारण विचारलं, तर "बरं नाही त्यांना" एवढंच कळलं.

"गोळ्या का सोडल्या?" मी विचारलं.

"त्या गोळ्यांनी अंग काळं पडून राहिलं होतं, ताई. सोडल्या तर उतरंल. मंग लोक विसरतील."

काळेपणा औषधाचाच असतो. कोर्स संपला की हळूहळू जातो. हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"पण लोकांना कळलं कसं?"

"मीच सांगितलं. बायांच्या प्रार्थनेत. म्हणलं, माझ्यासाठी प्रार्थना करा, असं असं हाय. लई चांगली प्रार्थना केली सगळ्यांनी. एकदोघी रडल्या बी. मंग रविवारी सेक्रेटरी सर म्हणाले, बाई, या वर्षी तुम्ही आराम करा. बाकावर बसले तर शेजारची बाई उठून मागं गेली."

मी तिचं कोपर चाचपायला घेतलं. काही बोलले असते तर बरं बोलले नसते.

कोपराच्या आतल्या बाजूला एक नस असते. कुठं आपटलं की झिणझिण्या येतात, तीच. तिची सुजली होती. ही सूज औषध चालू असतानाही येऊ शकते. पण पेशंट दर महिन्याला येत असेल तर वेळेत सापडते, आणि बोटं वाचतात. सुलोचनाबाईंची शेवटची दोन बोटं वाकायला लागली होती.

"पाळकसाहेबांशी बोलू का मी?"

"बोला. आता झाकायला काय राहिलं?"

पाळकसाहेब म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू. त्यांच्या घरी सेक्रेटरी सरही होते. रिटायर्ड शिक्षक, चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी. त्यांनीच सुरुवात केली.

"मॅडम, आमच्या मनात काही नाही. पण लोक जेवणार नाहीत."

"हा आजार भाकरीतून होत नाही. आणि औषध सुरू झालं की पेशंटकडून पसरायचा थांबतो. मी याच मंडळीची आहे. तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतं."

"मग तुम्ही तसं लेखी द्या. कमिटीपुढे ठेवू."

"सर, मागच्या महिन्यात तुम्ही तापात खोकत चर्चमध्ये बायबल वाचायला उभे होता. निम्म्या मंडळीला सर्दी झाली. तुमच्याकडून लेखी घेतलं का कुणी?"

सर पाळकसाहेबांकडे बघायला लागले. पाळकसाहेब म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे. पण मंडळी फुटेल."

"फुटायची ती फुटलीच आहे, साहेब. तुम्ही तिच्यासाठी देवाकडे हात जोडले आणि तिला बाकावर एकटं पाडलं. हे देवावरचं प्रेम असेल तर मला त्यातलं काही कळत नाही. तिच्या हाताला आता विस्तव कळत नाही. हे तुम्हाला चालतं का, तेवढं सांगा."

माझा आवाज चढला होता. पाळकसाहेबांच्या पत्नी, पाळकीणबाई, स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मी चहा न घेता निघाले.

डॉक्टरांनी सुजेवरच्या गोळ्या सुरू केल्या. जुना कोर्सही पुन्हा चालू झाला. पुढच्या वेळी मी वाडीवर निघाले तर पाळकसाहेब मोटरसायकल घेऊन रस्त्यात थांबले होते. मागं पाळकीणबाई. म्हणाले, "आम्ही पण येतो." तिथं ते जेवले. माफी वगैरे मागितली नाही. सुलोचनाबाईंनी वाढलं, त्यांनी खाल्लं.

नाताळच्या जेवणाला पाळकीणबाईंनी सुलोचनाबाईंना भाकरी करायला बोलावलं. तेव्हा मलाच आडवं यावं लागलं.

"तव्यापाशी बसायचं नाही तुम्ही."

त्यांचा चेहरा उतरला. "तुमी बी, ताई?"

"आम्हाला काही होत नाही तुमच्यामुळं. तुमचा हात भाजतो आणि तुम्हाला कळत नाही, म्हणून."

मग त्यांनी भाकरी थापल्या आणि पाळकीणबाईंनी भाजल्या. दोन घरांनी आपले डबे आणले होते. सेक्रेटरी सर पंगतीला बसले, पण त्यांनी नुसता भात घेतला. त्या दोन घरांशी मी अजून बोलत नाही. हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, मला माहीत आहे.

एक बोट सरळ झालं. करंगळी वाकडीच राहिली, आता ती तशीच राहणार.

प्रार्थनेला मी नावं ठेवत नाही, मीही करते. पण त्या दिवशी रडलेल्यांपैकी एकीनं जरी पुढच्या आठवड्यात वाडीवर जाऊन "बाई, गोळ्या घेतल्या का?" विचारलं असतं, तर ते बोट वाचलं असतं. आमच्या खात्यात याला फॉलो-अप म्हणतात. चर्चमध्ये शेजाऱ्यावरची प्रीती म्हणतात. काम एकच आहे, आणि त्यासाठी घराबाहेर पडावं लागतं.