बल्ब बघून जुळवलेला करंट

मी मोटारी भरणारा माणूस. उचगावात रस्त्याकडेला माझं वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, नदीवरच्या मोटारी जळाल्या की लोक माझ्याकडे आणून टाकतात, जुनी तार उपसून मी नवी भरतो. तीस वर्षं हेच केलं. त्यामुळं करंटातलं मला कुणी शिकवलेलं आजही खपत नाही, आणि ह्या खोडीपायीच सगळं झालं.

थोरला भाऊ फाउंड्रीत होता. साचे फोडायचे, वाळू झाडायची, तोंडाला नुसता रुमाल. ती धूळ फुप्फुसात बसली ती बसलीच. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. हे मशीन हवेतूनच ऑक्सिजन काढतं, म्हणून त्याला सतत वीज लागते. आणि पावसाळ्यात आमच्याकडं वीज कसली? वारं सुटलं की गेली. एकदा सकाळी गेलेली संध्याकाळपर्यंत आली नाही. वहिनी दिवसभर जादाच्या सिलिंडरच्या काट्याकडं बघत बसली. मग मला म्हणाली, "भावजी, तुमी एवढं लाईटीतलं जाणता, कायतरी करा की."

केलं की. ओळखीच्या मंडपवाल्याकडनं जनरेटर आणला. चौघांनी उचलायचं धूड. आमच्याकडं जनरेटर पारखतात तो वजनावर आणि आवाजावर. हलका असला की खेळणं, आवाज नसला की दम न्हाय. करंट जुळवायची मंडपवाल्यांची रीतही ठरलेली आहे. शंभराचा साधा बल्ब लावायचा, तो पिवळा दिसला की इंजिनाची रेस वाढवायची, पांढरा झाला की झालं. लग्नात, गणपतीत सगळीकडं हेच चालतं. मीही तेच शिकलो होतो.

पुढच्या वेळी वीज गेली तेव्हा मी ऐटीत जनरेटर चालू केला. दादाचं मशीन जोडलं तसा बल्ब पिवळा पडला. मी रेसचा स्क्रू पिळला. बल्ब पांढराफेक झाला. दादा खाटेवरनं म्हणाला, "जरा जास्तच वाटतंय रं."

"तू गप पड. हे माझं काम हाय," मी म्हणालो.

असं बोललो मी त्याला. अर्ध्या तासात जळका वास आला, मशीन एकदा किंचाळलं आणि बंद पडलं. जादा व्होल्टेजनं आतलं सर्किटचं कार्ड गेलं होतं. बल्बाला काय, जास्त व्होल्टेज मिळालं की तो आणखीच छान दिसतो. सिलिंडर अर्धाच होता, अँब्युलन्स येईपर्यंत तो पुरला नाही. दादाचे ओठ काळेनिळे पडलेले मी बघितले. वहिनीनं नुसती त्याची पिशवी भरली आणि ती अँब्युलन्समध्ये चढली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठ दिवसांनी तो दवाखान्यातनं घरी आला, पण पूर्वी मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजनवर भागायचं तिथं आता चार लागायला लागले. आजार वाढणारच होता, असं डॉक्टर म्हणतात. असेल. माझ्या मनाला ते पटत नाही.

नवीन मशीन आलं आणि मी शाहूपुरीत एका दुकानात गेलो. तिथं माझ्या पोरीच्या वयाची एक बाई बसली होती. मी तिला सगळ्यांत जड जनरेटर दाखवायला सांगितला. तिनं विचारलं, "काका, मशीनवर वॅट किती लिहिलेत?"

मला माहीत नव्हतं. तीस वर्षं करंटात, आणि सख्ख्या भावाच्या मशीनवरची पट्टी मी वाचली नव्हती. वहिनीला फोन करून ती वाचून घेतली. साडेतीनशे.

मग ती सांगत गेली आणि मी मान खाली घालून ऐकत गेलो. साध्या जनरेटरात इंजिन फिरेल तशी वीज बाहेर पडते, रेस हलली की वीजही हलली. इन्व्हर्टर जनरेटरात इंजिनाची वीज आधी सरळ डीसी करतात आणि आतलं सर्किट तिच्यातनं पुन्हा घरासारखी एसी घडवतं, मोजून, एकसारखी. म्हणून इंजिन गरजेपुरतंच पळतं, आवाज कमी, पेट्रोल कमी. मशीन सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट ओढतं, तेव्हा हजार वॅटचा घेऊ नका, दोन हजारांचा घ्या. घरात, पडवीत लावायचा नाही, धुराचा वास आला नाही तरी तो माणूस मारतो. टाकी भरताना बंद करावा लागतो, तेवढ्यापुरता सिलिंडर हाताशी ठेवा.

"एवढासा हाय, दम असंल का?" मी विचारलंच.

"वजन लोखंडाचं असतंय काका," ती हसली. लाज वाटली मला. मी तो एका हातानं उचलून घरी आणला.

आषाढात एका सकाळी तारेवर झाड पडलं आणि वीज गेली. जनरेटर अंगणात, खिडकीपासनं लांब, पत्र्याच्या छपराखाली लावला. दोरी एकदाच ओढली. घरात त्याचा आवाजसुद्धा येत नव्हता. मशीन लागलं, दिवा स्थिर, कुठं थरथर नाही. मी पुन्हा पुन्हा जाऊन वायर चाचपत होतो. गरमसुद्धा झाली नव्हती. आयुष्यात इतकं बिनचूक काम मी कधी केलं नव्हतं.

पण दादाच्या बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवरचा आकडा ऐंशीच्या वर सरकेना, नव्वदच्या वर पाहिजे होता. मशीन पाचवर केलं. त्याच्या पुढं ते जातच नाही. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मशीन ठीक आहे, आता फुप्फुसंच घेत नाहीत, दवाखान्यात आणलं तरी मी फार काही करू शकणार नाही. वहिनी दाराशी उभी होती. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ती आत निघून गेली.

मी खाटेवर टेकलो. दादा उशीला रेलून एकेक श्वास ओढत होता, खांदे वर जात होते. माझा हात धरून त्यानं विचारलं, "करंट बरोबर येतोय न्हवं?"

"एकदम बरोबर येतोय, दादा."

"मशीन चालतंय?"

"चालतंय."

त्यानं दम गोळा केला आणि माझ्याकडं बघत म्हणाला, "मग?"