वकिलाच्या घरी नेलेला कडू घास

हसायचं न्हाई, हे आधी कबूल करा, मंगच सांगतो. दोस्ताचं दुःख हलकं करायला गेल्तो आन् एका जित्या बाईला मारून आलो.

आमच्या वडीगोद्रीचा सुधाकर. माझा शाळेपासूनचा दोस्त, तालुक्याच्या कोर्टात सरकारी वकील. नवं सरकार आलं आन् जुन्या सरकारनं नेमलेल्या सगळ्या सरकारी वकिलांना एका आदेशानं घरी बसवलं. हायवेवरच्या माझ्या टायरच्या दुकानात दिवसभर तीच चर्चा. एक म्हणे, "ज्याचं राज्य त्याची माणसं, त्यात काय?" दुसरा म्हणे, "मंग अर्ध्यात आलेल्या केसेसचं काय? फिर्यादी बाईनं नव्या वकिलापुढं पहिल्यापासून रडायचं का?" दोघं इतके भांडले की गिऱ्हाईक पंक्चर तसंच घेऊन गेलं.

मला राजकारण कळत न्हाई. मला सुधाकर कळतो. त्याला भेटायला जायलाच पाहिजे व्हतं.

आता आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत न्हाई. भाऊबंद पिठलं-भाकरी नेतात, त्याला कडू घास म्हणतात. मला वाटलं, नोकरी गेली हे काय कमी दुःख हाय? बायको म्हणली, "अहो, ते बराबर दिसत न्हाई." पण मी ऐकणारा कुठला? पांढरी टोपी घातली, डबा घेतला आन् निघालो.

सुधाकर घरी नव्हता. वहिनीनं दारातच डबा बघितला आन् तिचा चेहरा उतरला. हळूच म्हणली, "दत्ताभाऊ, आबांना यातलं काही म्हाईत न्हाई. नेमणूक झाली तवा आबांनी गावभर पेढे वाटले व्हते. त्यांना कसं सांगावं म्हणून हे रोज कोट घालून निघतात आन् दिवसभर अंबडला मित्राकडं बसतात."

तेवढ्यात आबा, म्हणजे सुधाकरचे वडील, मागं येऊन उभे. टोपी, डबा आन् माझं तोंड बघून ते मटकन खाली बसले.

"कोण गेलं रे?"

आता बोला. खरं सांगावं तर सुधाकर उघडा पडतो. डोक्यात पहिलं जे आलं ते तोंडातून गेलं. "सासू."

सासूच का आली डोक्यात? तर आठ दिवसांपासून ती माझ्याच घरी मुक्कामाला व्हती.

"केदारखेड्याची? अरारा. पण कडू घास आम्ही आणायचा ना? तू कसा आणला?"

"घरी जेवण जाईना, आबा. म्हणलं, तुमच्यासंगं दोन घास खावेत."

आबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. भाकरी मोडून आपल्या हातानं मला भरवली. मला खरंच रडू आलं हो. असल्या माणसाशी आपण खोटं बोलून राह्यलो, याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात मोटरसायकल थांबली. पुढं काळ्या कोटातला सुधाकर, मागं मांडीवर डबा घेऊन आबा. मी पळत दाराशी गेलो, पण सासूबाईंनी दार आधीच उघडलं व्हतं.

"या, बसा. चहा टाकते."

आबांनी त्यांना वरून खालपर्यंत बघितलं. "आपण केदारखेड्याच्या ना?"

"व्हय, जावयाकडं आलेय."

आबा बाजेवर बसले. मंग माझ्याकडं बघून म्हणले, "दत्ता, हे तू माझ्या पोरापायी केलं ना?" आन् सुधाकरकडं वळले. "सुध्या, काढलेल्या वकिलांच्या यादीतलं तुझं नाव मी त्याच दिवशी पेपरात वाचलं. तू रोज कोट घालून निघतो, मी रोज 'नीट जा' म्हणतो. म्हणलं, पोराला जमेल तवा सांगल. अरे, कोट काय सरकारनं दिल्ता तुला? असू दे अंगावर. लोकांच्या केसेस लढ."

सुधाकर बापाच्या पायाशी बसला आन् लहान पोरावाणी रडला. आम्ही सगळेच डोळे पुसून राह्यलो.

सासूबाईंनी डबा उघडला. "हा कशाचा?"

माझ्या बायकोनं सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी शांतपणे भाकरी मोडली, पिठल्याला लावली आन् अख्खी खाल्ली.

"पिठलं झकास झालंय," त्या म्हणल्या. "उद्या निघणार व्हते, जावईबापू. पण आता लोक भेटायला येतील, त्यांना चहापाणी कोण बघणार? माझं तेरावं करूनच जाते."