भांगेची पावती

स्वातंत्र्यानंतर प्रांतांची जुळवाजुळव चालू होती, त्या वर्षांतली ही होळी. रावेरला दिलेल्या बहिणीची सासरची पहिलीच. आमच्याकडची चाल अशी, की पहिल्या होळीला भावानं साखरेचे हार-कडे आणि थंडाईसाठी भांग घेऊन जायचं. तो रिकाम्या हातानं गेला, तर वर्षभर टोमणे बहिणीला.

मी फोपनारच्या केळीचे सौदे करत उभा राहिलेला माणूस. बुऱ्हाणपुरात राजघाटाकडच्या सरकारी ठेक्यावर पावशेर भांग घेतली, भांडून मूठभर बडीशेप वरती काढली आणि पक्की पावतीही. बहिणीचे यजमान बाजाराला आले होते, ते बरोबर होते.

"दाजी, तुमच्या रावेरकडे दारूबंदी आहे म्हणतात. भांगेचं काय?"

"दारू ती दारू. भांग म्हणजे महादेवाचा प्रसाद. बिनधास्त घ्या, कोण विचारतो?"

प्रांताच्या हद्दीवर मोटार थांबली. जमादार चढला, पिशव्या चाचपत पुढे निघूनही गेला. पण सरकारी माल चोरासारखा का न्यायचा? मीच त्याला हाक मारून पावती हातात दिली. बुऱ्हाणपुरात पावती दाखवली की वाद मिटतो.

त्यानं ती सावकाश वाचली. "शेठ, गुन्हा तुम्ही लेखीच दिलात."

"सरकारी ठेक्याची आहे."

"तिकडच्या सरकारच्या. इकडे परवाना लागतो."

डोकं तापलं, पण त्याहून नवल वाटत होतं. दोन्हीकडे तीच काळी माती, तोच कापूस. मी विचारलं, "रेघ नेमकी कुठं आहे?" त्यानं नाल्याकाठचा चुना लावलेला दगड दाखवला.

"दगडापलीकडे बसून प्यालो आणि मग आलो तर?"

"पोटातली पण चालत नाही."

"ओळखणार कशी?"

"तुम्ही भांडणं सोडून हसायला लागलात, की समजेन." अख्खी मोटार हसली.

"अर्धी ठेवून घ्या."

"हा भाजीबाजार नाही शेठ. नाल्यात टाका, नाहीतर माघारी फिरा." मग त्यानं दाजींना विचारलं, "तुम्ही यांच्याबरोबर?"

दाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "छे, मोटारीतली ओळख."

माघारी फिरलो असतो तर बहीण दारात वाट बघत राहिली असती. भांग नाल्यात ओतली.

घरी पोहोचलो. सासऱ्यांनी हार-कडे घेतले आणि विचारलं, "आणि थंडाईचं?" दाजी खाली वाकून चपला काढत बसले. खरं सांगणं माझ्या जिभेवर होतं. पण बहीण त्याच माणसाबरोबर त्याच घरात राहणार होती.

"विसरलो," मी म्हणालो.

"पाव्हणे विसरत नाहीत, वाचवतात," सासूबाई म्हणाल्या. बहीणसुद्धा पदराआड हसली. तिला कोणी काही बोललं नाही.

त्या घरात मी अजून चिकटच आहे. दाजी दर होळीला ही गोष्ट रंगवून सांगतात, आम्ही घरी पोहोचलो तिथून सुरू करून. हद्द त्यात कधीच येत नाही.