टाकीतली अळी आणि डॅशबोर्ड

"मॅडम, डॅशबोर्डवर अळी दिसतेय." फोनवर केदार सर होते, आमचे प्रोग्रॅम हेड. आवाज असा, की ती त्यांच्याच डब्यात निघाली असावी.

"हो सर. अळीच आहे."

"पण आपली ॲक्टिव्हिटी फुलपाखराची होती ना?"

होती. मी एका संस्थेत सायन्स कोऑर्डिनेटर आहे. आमचं काम सीएसआरवर चालतं. सीएसआर म्हणजे कंपनीने नफ्यातला थोडा वाटा समाजासाठी खर्च करायचा आणि मग त्याचे फोटो मागत राहायचं. मुळशीतल्या काही शाळांना आम्ही टॅब दिले आणि टॅबच्या कॅमेऱ्यावर चिकटवायची सूक्ष्मदर्शकाची भिंगं दिली. मुलांनी वर्गाबाहेर जाऊन निरीक्षण करावं, ही कल्पना. त्यासाठीचं ॲप एसीत बसून बनवलेलं. ताम्हिणीच्या धो धो पावसातही फुलपाखरू सापडेल, याची त्याला पूर्ण खात्री होती.

ताम्हिणीजवळच्या एका वाडीतल्या शाळेत फुलपाखरू काही सापडलं नाही. मुलं कंटाळली. तेव्हा सहावीतल्या सानियाने शाळेच्या नळाचं पाणी बाटलीच्या झाकणात आणून भिंगाखाली धरलं. स्क्रीनवर केसाळ अंगाचं काहीतरी वळवळलं.

"डासाची अळी हाय मॅडम," ती म्हणाली. "आन ह्येच पानी आमी पितो."

अळी तिथे डास, डास तिथे ताप. त्या आठवड्यात अर्धा वर्ग तापाने घरी होता. सानियाचा धाकटा भाऊ तर पौडच्या दवाखान्यात सलाईनवर.

मुलांनी रीतसर फोटो काढला. वाडीत रेंज नसते. मी टॅब घेऊन परत येताना पौडला रेंज आली आणि टॅबने प्रामाणिकपणे फोटो वर पाठवला. कंपनीच्या मोठ्या स्क्रीनवर, म्हणजेच त्या डॅशबोर्डवर.

"पुढच्या शुक्रवारी कंपनीचे डोनर येतायत," केदार सर म्हणाले. "जरा पॉझिटिव्ह काहीतरी घ्या. मुंगी वगैरे."

दुसऱ्या दिवशी मी मुंगी न घेता सरपंचांना शाळेत बोलावलं. नळाला पाणी ग्रामपंचायतीच्या टाकीतूनच येतं. त्यांनी स्क्रीन पाहिली आणि तत्काळ निदान केलं.

"टाकीत काय बी न्हाई. तुमच्या काचंतच आळ्या हायेत."

काचेत अळ्या! विज्ञानात ही शक्यताही तपासावी लागते. मी माझ्या बाटलीतलं विकतचं पाणी त्याच भिंगाखाली ठेवलं. स्वच्छ. याला कंट्रोल म्हणतात: दोष साधनात आहे की नमुन्यात, हे त्यावरून कळतं.

"त्ये इकतचं हाय," सरपंच म्हणाले.

सानिया पुढे झाली. "मग काका, तुमच्या घरचं आनू का? तुमची बोअर हाय न्हवं?"

ते नको म्हणायच्या आत दोन पोरं पळाली. सरपंचांच्या घरचं पाणीही स्वच्छ निघालं. मग पुन्हा नळाचं. वळवळ. सरपंच डोळे बारीक करून स्क्रीनवर वाकले. त्यांची नातही याच शाळेत पहिलीला आहे, हे मला नंतर कळलं.

"झाकान उडालं आसंल वाऱ्यानं," ते शेवटी म्हणाले. वारा हा गावातला सर्वात बेजबाबदार पदाधिकारी.

त्याच दुपारी टाकी उपसली, घासली, झाकण बसवलं. वर्ग हळूहळू भरला. सानियाचा भाऊही शाळेत आला.

त्या शुक्रवारी डोनर आले. केदार सरांनी 'आमच्या ॲपमुळे गावाला शुद्ध पाणी' अशी स्लाइड दाखवली. टाळ्या पडल्या. डोनर बाईंनी ती अळी बघायला मागितली. आता ती टाकीत उरली नाही म्हटल्यावर त्या जरा हिरमुसल्या.

पुढच्या महिन्यात ॲप अपडेट झालं. आता मुलांचा फोटो वर जाण्याआधी ऑफिसातून मंजूर व्हावा लागतो. सानियाने परवा ओढ्याच्या पाण्याचा फोटो काढला. तो अजून 'पेंडिंग' आहे.

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढंच कळलं: मुलांनी विज्ञान शिकावं असं सगळ्यांनाच वाटतं. फक्त त्यांनी ते वापरलं, की मीटिंग लागते.