बाबा आईशी बोलत नव्हते तेव्हा

बाबांना अर्धांगाचा झटका आला तो ऐन चैत्रात. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. डाक्टर म्हणाले, "पंडितजी बच गये, यही बहुत है." गंगेकाठी, रामघाटावरच्या आमच्या घरी बाबा वेदपाठशाळा चालवायचे. जन्मभर मुलांकडून घोकून घेतलं, आणि आता तोंडून साधा शब्द फुटेना.

मग एके सकाळी बाहेरच्या खोलीत विद्यार्थी संथा म्हणताना अडखळले, आणि आतून बाबांनी पुढची ऋचा खणखणीत म्हटली. स्वरासकट! आई पदराला हात पुसत धावली. "अहो, चहा आणू?" बाबांच्या घशातून नुसती घरघर आली. त्यांनी मान फिरवली.

झालं! आईने डोक्यात घेतलं, की हे मुद्दाम बोलत नाहीत. झटक्याच्या आदल्याच दिवशी दोघांची जुंपली होती. बाबांनी गच्चीचं दार उघडं टाकलं, माकडांनी वाळवणाचे पापड फस्त केले, आणि आई बोलून गेली, "तुमचा मेला उपयोग काय या घरात?" झटक्याआधीचं तिचं त्यांच्याशी तेच शेवटचं बोलणं.

"वेद म्हणता येतो, मग बायकोशी बोलायला काय धाड भरलीय?" असं म्हणत ती भांडी आपटायची आणि मोरीत जाऊन रडायची. मला तिची दयाही यायची आणि तिचा रागही यायचा. मी इंटर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. शेवटी मी स्वयंपाकघरातच तास घेतला. परातीतल्या पिठात बोटाने चेतापेशी काढली: मधे पोट, फांद्या, लांब शेपूट.

"अशा एकीने दुसरीला निरोप द्यायचा. रक्त अडलं, तिथल्या मेल्या. शब्द शोधून बोलणं जुळवायची जागाच गेली, आई. पाठ झालेल्याची वाट वेगळी असते, ती राहिली."

"माझं मनगट मोडलं होतं, ते जुळलं की."

"हाडाच्या पेशी नवं हाड भरतात. मेंदूतल्या मेल्या की सहसा परत येत नाहीत."

"म्हणजे रागावले नाहीयेत?"

"नाहीत गं बाई!"

तिचा विश्वास बसला नाही. कणीक मळून ती पोळ्या लाटायला लागली आणि मधेच थांबली. "पाठ असलेलं काहीही राहतं? नुसते मंत्रच नाही ना?"

"राहू शकतं."

ती तशीच उठली, बाबांच्या उशाशी बसली आणि हेल काढून म्हणाली, "गंगेला आला पूर, होडी लागली काठाला..."

लग्नापासून प्रत्येक पंगतीत बाबा हाच एक उखाणा घ्यायचे. दुसरा जुळवायचा कंटाळा! आई दरवेळी कपाळावर हात मारून घ्यायची. आता बाबा तिच्याकडे बघत राहिले. ओठ हलले. मग आईचं नाव आलं, अगदी स्पष्ट, आणि त्याला जोडून, "...चं नाव घेतो, लाडू वाढा ताटाला."

"वाढते हो, वाढते," म्हणत आई हमसाहमशी रडली. मीही रडले.

बाबा त्यानंतर बरेच दिवस होते. 'पाणी' हा शब्द त्यांना शेवटपर्यंत आला नाही. तहान लागली की ते अख्खा उखाणा म्हणत, आणि आई "आले हो" म्हणत तांब्या-भांडं घेऊन धावायची.