पडवीची किल्ली

श्रीगजाननाच्या चरणी मस्तक ठेवून, आज माघी चतुर्थीला, नुकत्याच पूजिलेल्या मूर्तीच्या नेत्रांकडे पाहत हे लिहितो आहे.

ते नेत्र ज्याने आखले, तो माझा पेणचा विद्यार्थी. मी तेथील शाळेत संस्कृत शिकवीत असे. शाळा सुटली की त्याच्या वडिलांच्या मूर्तींच्या कारखान्यात घटकाभर बसावे, हा माझा कितीतरी वर्षांचा नेम. ओल्या शाडूचा तो गंध अजून आठवतो. मोठेपणी तोच डोळ्यांच्या आखणीला बसू लागला. तो बसला की सारे बोलणे थांबे. "गुरुजी, आता खोकू नका हां," असे मलाच बजावून तो एका दमात पापणीची रेघ ओढी.

पुढे तो सुईने नशा घेऊ लागला. निवृत्त होऊन मी रोह्यास आलो. कालांतराने तोही जवळच वरसे येथे बहिणीकडे राहावयास आला. आमच्या देवळाच्या मागच्या पडवीत एक आरोग्यसेविका आठवड्यातून दोनदा बसे. नशा करणाऱ्यांच्या वापरलेल्या सुया जाड डब्यात घेई, नव्या देई; तोही तिच्याकडे येई. विश्वस्त म्हणून पडवी मीच दिली होती. "व्यसन सुटेल तेव्हा सुटेल, तोवर माणूस राहिला पाहिजे," हे तिचे म्हणणे मला पटले होते.

तरी गतवर्षीच्या नवरात्रात मी चुकलो. देवळात घट बसले, आणि सोवळ्याच्या विचाराने मी नऊ दिवस पडवीला कुलूप घातले.

दसऱ्याच्या सकाळी तो पायरीशी उभा. डाव्या हाताला शीर सापडेनाशी झाली होती. आता उजवा कोपरापर्यंत सुजलेला.

"नवी मिळाली नाय, गुरुजी. दुसऱ्याची घेतली."

त्याला इस्पितळात नेण्यासाठी सेविका रिक्षा थांबवीत म्हणाली, "सोवळं नक्की कोणाचं सांभाळलंत?"

तशाही वेदनेत तो हसला. "ताई, त्यांना ओरडू नको. त्यांनी मला विभक्त्या शिकवल्यात. एक पण आली नाय, ती गोष्ट वेगळी."

हात राहील की काढावा लागेल, हे डॉक्टरांना कित्येक दिवस सांगता येईना. मी बाहेर बाकावर स्तोत्र म्हणत बसे. डोळ्यांपुढे मात्र ती पापणीची रेघच येई.

हात राहिला. पडवीची किल्ली मी त्याच आठवड्यात सेविकेच्या हाती दिली. ती परत मागितली नाही. यंदाच्या नवरात्रातही नाही.

काल तो मूर्ती घेऊन आला. "सुटलं नाय अजून. पडवीत येतो. पण हात हाय," म्हणाला.

एका पापणीची रेघ किंचित थरथरली आहे. समई मी त्याच बाजूस ठेवली.

हे वाचणाऱ्या आपणांस व आपल्या घरातील सर्वांस तो गजानन आरोग्य देवो, आणि आपल्यापैकी कोणी वाट चुकले असल्यास ते परत येईतो त्याचा सांभाळ करो.